दागिन्याची सावली

१

मला कळलं तो दिवस साधाच होता. हॉस्पिटलच्या खिडकीतून ऊन आत येत होतं. डॉक्टरांनी शीलाच्या छातीचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. एक नवा, एक गेल्या वर्षीचा. जुना मीच पिशवीत घालून नेला होता. नेहमीप्रमाणे शीलाने बजावलं होतं, "अहो, जुनं सगळं बरोबर घ्या, तिथे जाऊन शोधाशोध नको."

डॉक्टर बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिले. मग शेजारच्या डॉक्टरणीला हळू आवाजात म्हणाले, "ही गाठ तेव्हाही होती."

ते माझ्याशी बोलले नव्हते, पण मी ऐकलं. शीला बाहेर बाकावर बसून शेजारच्या बाईला मेथीच्या वड्या सांगत होती. तिचा आवाज आतपर्यंत येत होता.

गणपतीच्या आधी ती गेली.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. एका दुपारी मी तो जुना फोटो काढून खिडकीच्या काचेला टेकवला. बाहेर बहाव्याचं झाड आहे. शीलाच्या बरगड्यांच्या मागे पानं हलत होती. उजवीकडे वर, गळ्याच्या हाडाखाली, बोराएवढी राखाडी सावली होती. पानं हलायची, पण ती जागची हलत नव्हती.

फोटोबरोबरचा रिपोर्ट माझ्या मुलीने, उत्कर्षाने, मराठीत सांगितला. उजवीकडे वर दिसणारी सावली गळ्यातल्या दागिन्याची आहे. फुफ्फुसात दोष नाही.

कोथरूडात आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर ते एक्स-रे सेंटर आहे. मी तिथे गेलो. ग्राहक न्यायालयात जाईन म्हणालो. मॅनेजर गोड बोलला.

"काका, दुःख आम्हालाही आहे. पण काकूंनी गळ्यातलं काढायला नकार दिला होता. टेक्निशियनला चांगलं आठवतंय. त्यात आता सेंटरने काय करायचं?"

संध्याकाळी उत्कर्षा खराडीहून ऑफिस उरकून आली. मी तिला ते सांगितलं. ती बूट न काढता दारातच उभी राहिली.

"म्हणजे आईने एकदा काढलं असतं गळ्यातलं, तर कळलं असतं?"

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"एवढ्याशासाठी, बाबा?" ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून बसली.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. शीलाचा जीव तिच्या स्वतःच्या हट्टाने गेला का, हे मला कळायला हवं होतं.

२

काही दिवसांनी दारात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, खादीचा कुडता, खांद्याला कापडी पिशवी.

"मी डॉक्टर नाजिमा. मला त्या सेंटरने पाठवलंय. हे आधीच सांगते, म्हणजे चहा द्यायचा की नाही ते तुम्हाला ठरवता येईल."

मी चहा ठेवला.

त्यांचं काम वेगळं होतं. लहान दवाखाने, लॅब, सेंटर अशा ठिकाणी जायचं आणि आजार नजरेतून सुटला तर तो नेमका कुठे सुटला हे शोधायचं. "मालकांना वाटतं, कोर्टकचेरी टाळायला मला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "वाटू दे. आजार सुटला नाही, तर कोर्टात जाईल कोण?"

"आणि त्यांचीच चूक निघाली तर?"

"तर तसं सांगेन. मग ते मला परत बोलावणार नाहीत. पुण्यात सेंटरं पुष्कळ आहेत."

मी फोटो काचेला टेकवला. त्या जवळ गेल्या, मग चार पावलं मागे आल्या, मग पुन्हा जवळ गेल्या.

"त्या दिवसाचं काय आठवतं?"

सगळंच आठवत होतं. आजकाल मला कालचं आठवत नाही, पण शीलाबरोबरचा कुठलाही दिवस विचारा. तिला खोकला होता. आमचे फॅमिली डॉक्टर आपटीकर म्हणाले, फोटो काढून या. आम्ही सकाळी पोहे खाऊन निघालो. ती आत गेली, मी बाहेर बसलो. ती परत आली तेव्हा तिच्या ओठांना पिवळं लागलं होतं. मी म्हणालो, "काय गं, पुन्हा हळद लागली वाटतं?" तिने पदराने तोंड पुसलं. "इश्श, लोक ऐकतायत." मग कोपऱ्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. तिने बर्फ नको म्हटलं आणि रसवाल्याने टाकलाच, म्हणून ती त्याच्याशी भांडली.

नाजिमाबाईंनी मधे तोडलं नाही. सगळं झाल्यावर त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

"काका, सोनं फोटोत चुन्यासारखं पांढरं दिसतं. काळ्या मण्यांची ओळसुद्धा बहुतेक वेळा कळते. हे राखाडी आहे आणि एकटंच आहे. हे मंगळसूत्र नाही."

"म्हणजे त्यांनी खोटं लिहिलं?"

"किंवा त्यांना कोणीतरी दुसरंच काही सांगितलं. मंगळसूत्र कसलं होतं? दोन वाट्यांचं?"

मी कपाटाकडे जायला उठलो आणि मधेच थांबलो. मला शीलाचा गळा दिसला. त्या दिवसाचा, रसवंतीच्या बाकावरचा.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी तिच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतंच."

३

आदल्या दिवशी पडद्याच्या कडीत अडकून ते वाढलं होतं. तुटलं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी ते तुळशीबागेजवळच्या पटवेकऱ्याकडे गाठवायला दिलं होतं. ते परत येईपर्यंत गळा मोकळा ठेवायचा नाही, म्हणून शीलाने दोरा हळदीत पिवळा केला, त्यात हळकुंड बांधलं आणि तो गळ्यात घातला. तिची आईही असंच करायची. आमच्या लातूरकडे सगळ्याच बायका करतात.

"इथेही करतात," नाजिमाबाई म्हणाल्या. "आमच्या शेजारच्या वहिनी करायच्या. म्हणजे गळ्यात हळकुंड होतं. चला, आता मंडळींना भेटू."

पहिले डॉक्टर आपटीकर. त्यांच्या दवाखान्यात पंखा इतका हळू फिरतो की पाती मोजता येतात.

"मी रिपोर्ट वाचला. त्यात दोष नाही असं होतं," ते म्हणाले. "रस्त्यावर मेट्रोचं काम, सगळीकडे धूळ. निम्मं कोथरूड खोकत होतं."

"फोटो बघितलात?" नाजिमाबाईंनी विचारलं.

"फोटो बघायला तिथे तज्ज्ञ बसवलेत ना? का मीच सगळं करू? झाडूही मारतो सेंटरमध्ये."

"खोकला थांबला नाही तेव्हा?"

त्यांनी टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं. "औषध बदललं," ते म्हणाले. आम्ही निघताना त्यांनी मला नमस्कार केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मग सेंटरच्या डॉक्टर नम्रता. फोटो वाचून रिपोर्ट देणाऱ्या त्याच. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसल्या होत्या, वय उत्कर्षापेक्षा थोडंच जास्त असेल.

"सावली मला दिसली होती," त्या लगेच म्हणाल्या. "मी तेजसला विचारलं. तो म्हणाला, पेशंटच्या गळ्यात हळकुंड आहे, काढायला तयार नाहीत. हळकुंडाला रिपोर्टमध्ये वेगळा शब्द नाही. मी दागिना लिहिलं."

तेजस म्हणजे फोटो काढणारा मुलगा. वाघोलीच्या कॉलेजातून शिकून दोन-तीन वर्षांपूर्वीच कामाला लागलेला. त्याने मला बघितलं आणि मान खाली घातली.

"काका, मी काढा म्हणालो होतो. देवाशपथ. काकू म्हणाल्या, नवरा बाहेर बसलाय, त्याच्या देखत गळा मोकळा करू का? काकू हसत होत्या. लातूरचा का, मग आमच्याकडचाच तू, जेवलास का, सगळं विचारून झालं त्यांचं."

"मग तू काय केलंस?" नाजिमाबाईंनी विचारलं.

"म्हणालो, मग निदान छातीवरून वर तरी घ्या. आणि काचेमागे गेलो."

"तिथून काय दिसतं?"

"पाठ. पेशंट प्लेटकडे तोंड करून उभा असतो. हात कमरेवर. मी विचारलं, काकू तयार? त्या नुसतं हूं म्हणाल्या. श्वास घ्या म्हणालो, घेतला. फोटो झाला. त्या वळल्या तेव्हा हळकुंड गळ्यात होतं. म्हणून मॅडमना तसं सांगितलं. मी खोटं नाही बोललो, काका."

त्याच्याकडे बघून मला वाटलं, खोटं कोणीच बोलत नाही. तरीही ती गेली.

नाजिमाबाई माझ्याकडे वळल्या. "ते हळकुंड आहे अजून?"

मंगळसूत्र परत आल्यावर शीलाने ते टाकलं नव्हतं. कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलं होतं, दोऱ्यासकट.

"आहे."

"उद्या घेऊन या. त्याचाच फोटो काढू."

४

दुसऱ्या दिवशी सेंटर उघडायच्या आधी आम्ही जमलो. नाजिमाबाईंनी हळकुंड गळ्यात घातलं आणि स्वतःच प्लेटसमोर उभ्या राहिल्या. "माझ्या छातीचा फोटो कधीचा राहिलाच होता," त्या म्हणाल्या. दोरा सैल होता. प्लेटला टेकल्यावर हळकुंड उजवीकडे सरकलं.

फोटो पडद्यावर आला. शेजारी शीलाचा.

उजवीकडे वर, गळ्याच्या हाडाखाली, राखाडी सावली. एकटीच. दोरा दिसत नव्हता. नव्या फोटोत कड थोडी जास्त स्पष्ट होती, पण जुन्या फोटोच्या वेळी शीला थोडी हलली असेल, असं कोणीही म्हणू शकलं असतं.

मॅनेजर दारात उभा होता. तो तसंच म्हणाला. "म्हणजे तेव्हाची सावली हळकुंडाचीच. आजार नंतर झाला, योगायोगाने त्याच जागी. आणि नंतर नसेल झाला, तरी काकूंनी हळकुंड काढलं असतं तर..."

"पुरे," नाजिमाबाई म्हणाल्या. पण फोटोवरून त्यांची नजर हटली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तो म्हणतो ते खरं?"

"असू शकतं."

"म्हणजे शीलाचाच हट्ट."

"काका, मी असू शकतं म्हणाले." पण त्यांचा आवाज दमलेला होता. "घरी जा. झोपा जरा."

मी हळकुंड खिशात घातलं. वाटेत रसवंतीवाल्याने हाक मारली, "काकू दिसत नाहीत हल्ली!" मी हात केला आणि चालत राहिलो.

५

दुपारी झोप लागली. आता झोप लागते तेव्हा शीला येते. या महिन्यांत ती रोज यायची, पण बोलायची नाही. तिचं हे मला फार लागायचं. जिवंतपणी ती भाजीवाल्याशी बोलायची, बसच्या कंडक्टरशी बोलायची, कुकरशीसुद्धा बोलायची. "हो रे बाबा, कळलं, तीन झाल्या." आणि स्वप्नात गप्प.

त्या दुपारी ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. हात कमरेवर. भिंत नव्हती ती, बहाव्याचं झाड होतं, आणि फुलं सगळी तिच्या केसांवर पडत होती. मी म्हणालो, शीला, तयार? ती म्हणाली, हूं.

मी म्हणालो, बोल ना गं.

तिने मागे वळून बघितलं. ती हसत होती, पण ओठ उघडत नव्हती. ओठ पिवळे होते.

मी उठून बसलो. खोलीत ऊन होतं. खिशात हात घातला, हळकुंड काढलं आणि जिभेला लावलं. मग बोट ओठांवरून फिरवून बघितलं, ते पिवळं झालं होतं.

नाजिमाबाईंना फोन केला. "बाई, पोह्यांची हळद तोंडाला इतकी लागत नाही."

त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मी येते. तुम्ही सेंटरला या. तेजसला सांगा, घरी जाऊ नकोस."

सेंटरच्या त्याच खोलीत आम्ही सगळे उभे राहिलो. मॅनेजर, डॉक्टर नम्रता, तेजस, मी. नाजिमाबाईंनी हळकुंड पुन्हा गळ्यात घातलं.

"तेजस, त्या दिवशी म्हणालास तसंच म्हण."

"निदान छातीवरून वर तरी घ्या."

"गळ्यातून काढायचं नाही, हात कमरेवर ठेवायचे, आणि छातीवर नको. बाईने काय करायचं?"

तेजसने स्वतःचे हात कमरेवर ठेवून बघितले. उत्तर डॉक्टर नम्रतांनी दिलं, अगदी हळू. "दातात धरायचं."

"तुम्ही कधी केलंय?"

"माझी सासू करते. मंगळसूत्र. प्रत्येक एक्स-रेला."

"तेजस, काकू किती बोलत होत्या?"

"थांबतच नव्हत्या."

"आणि तयार का विचारल्यावर?"

"हूं." त्याचा चेहरा बदलला. "नुसतं हूं."

"कारण तोंडात हळकुंड होतं. तू आत जायच्या आधी ते गळ्यात बघितलंस. बाहेर आल्यावर गळ्यात बघितलंस. मधलं तू बघितलं नाहीस. पण फोटो मधलाच आहे." त्यांनी हळकुंड दातात धरलं, हात कमरेवर ठेवले आणि प्लेटकडे वळल्या. तेजसने काचेमागून विचारलं, "तयार?"

"हूं," नाजिमाबाई म्हणाल्या.

पडद्यावर फोटो आला. हळकुंड त्यात नव्हतं. फोटोची वरची कड गळ्यापाशीच संपते. उजवीकडे काहीच नव्हतं, नुसतं स्वच्छ फुफ्फुस.

"शीलाताईंच्या फोटोतसुद्धा छातीवर काही नव्हतं," नाजिमाबाई म्हणाल्या. "जे दिसलं ते आतलं होतं. छातीवरून वर घ्या म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. फोटोच्या आड काही येऊ दिलं नव्हतं."

त्यांचे ओठ पिवळे झाले होते. मला बघवेना. मी खुर्चीवर बसलो.

मॅनेजर म्हणाला, "पण कोणाच्या हे लक्षात येणार? तेजसने सांगितलं ते मॅडमनी धरलं."

"तेच," नाजिमाबाई म्हणाल्या. "सावली दिसली आणि तिचं कारण आयतं हातात मिळालं. मग शोधणं थांबलं. रिपोर्टवर फॅमिली डॉक्टर थांबले, खोकला धुळीवर ढकलला. प्रत्येकाकडे उत्तर होतं. सावली दागिन्याची वाटली तर दागिना बाजूला करून दुसरा फोटो काढायचा. सावली गेली तर दागिन्याची. राहिली तर माणसाची. एवढंच करायचं होतं. किती वेळ लागला असता, डॉक्टर?"

डॉक्टर नम्रतांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी कारणं दिली नाहीत.

"काकांना बाहेर अजून थोडं बसावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. मग पडद्याकडे वळून बसल्या. त्यांचा हात माऊसवर होता, पण हलत नव्हता. "नाजिमा मॅडम, हे वाक्य मी पुष्कळ वेळा लिहिलंय. इथे बायका गळ्यातलं काढत नाहीत. दागिन्याची सावली. दोष नाही. माझं ते पाठ झालंय."

मशीनचा पंखा तेवढा फिरत होता.

६

मी ते उत्कर्षाला सांगितलं. हळकुंड तिच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी नेलं, मग गालाला लावलं.

"मी तिच्यावर चिडले होते, बाबा. ती नसताना."

"तिला सवय आहे. मी पण चिडायचो."

ती हसली आणि मग रडली. पहिल्यांदाच मोठ्याने. मी पोहे केले. बिघडले. दोघांनी खाल्ले.

कोर्टाचं मी अजून ठरवलेलं नाही. डॉक्टर नम्रता घरी येऊन गेल्या. खालमानेने बसल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही जे कराल त्यात मी खरं तेच सांगेन." आपटीकरांनी दवाखान्यात फोटो बघायचा दिवा बसवलाय. तो लावतात की नाही, मी बघायला गेलो नाही. सेंटरच्या दारावर आता पाटी आहे. गळ्यात काही असेल तर सांगा, काढणार नसाल तर दातात धरा, आणि धरलं की हात वर करा. खाली कोणीतरी पेनाने लिहिलंय, "आणि तेवढा वेळ गप्प बसा." पुणं आहे.

नाजिमाबाई आणि डॉक्टर नम्रता यांनी 'दागिन्याची सावली' असं लिहिलेले सगळे फोटो बाहेर काढले. ज्यांचे होते त्या बायकांना फोन करून बोलावलं, दुसरा फोटो काढला, फुकट. मॅनेजर कुरकुरला, पण अडवलं नाही. बहुतेकींच्या सावल्या गेल्या. त्या बायका मिठाई घेऊन आल्या. एकीची राहिली. आजार वेळेवर कळला. तिच्यावर उपचार चालू आहेत आणि ती मोठ्या आवाजात सगळ्यांना शिव्या घालते, असं तेजस सांगतो. मला ते ऐकून बरं वाटतं.

एकीचा फोन लागत नाही. नाव शकू, पत्ता वाघोलीचा. तिचा फोटो मी बघितलाय. डावीकडे खाली, जिथे कुठलंच मंगळसूत्र पोचत नाही, तिथे राखाडी सावली आहे.

मी वाघोलीला जाऊन आलो. पत्त्यावर तेव्हा बांधकाम होतं, मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. आता तिथे मोठं गेट आहे, आत कारंजं आहे. वॉचमन म्हणाला, "कुठली शकू? हितं लय बायका काम करून गेल्या, बाबा. इमारत झाली, गेल्या. कुणी रांजणगावला, कुणी गावाला. हाय का काय गाव ठावं?"

गाव ठाऊक नाही. मी आसपासच्या चार बांधकामांवर विचारलं. परत येताना बसमध्ये डोळा लागला. शीला शेजारी बसली होती आणि पुढच्या सीटवरच्या बाईला विचारत होती, तुमचं नाव काय, गाव कोणतं, माहेर कुठलं. आता ती स्वप्नात बोलते.

मी पुढच्या सोमवारी रांजणगावला जाणार आहे.

शकू अजून सापडलेली नाही.